मुद्दल घड्याळाचं, व्याज वासाचं

नमस्कार मंडळी. रविवार कारंजाच्या बाजूला आमचं रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान आहे. वडिलांनी घातलेलं, आता गल्ल्यावर मी बसतो. ऑइल पेंट, प्रायमर, टर्पेंटाइन, थिनर, लाकडाचं पॉलिश, असा सगळा माल. आणि या मालाच्या मालकाला वर्षातले सहा-सात आठवडे थिनरचं झाकण उघडलेलं चालत नाही. गल्लीतले लोक हसतात. मीही हसतो, पण ते उरलेले पंचेचाळीस आठवडे.

माझ्या दुखण्याचं नाव क्लस्टर हेडेक. क्लस्टर म्हणजे घोस, घड. द्राक्षाच्या जिल्ह्यात हे वेगळं समजवायला नको. मणी एकटा येत नाही, घडच्या घड लागतो. तसे झटके लागून येतात, आणि मग महिनोन्महिने वेल रिकामा. ही अर्धशिशी नव्हे. अर्धशिशीचा माणूस दारं-खिडक्या लावून अंधारात पडून राहतो. आमच्या माणसाला पडवतच नाही. तो येरझाऱ्या घालतो, भिंतीवर डोकं टेकवतो, पुन्हा चालू लागतो. उजव्या डोळ्यामागे कुणी गिरमिट फिरवतंय असं वाटतं. तोच डोळा लाल होतो, गळायला लागतो, पापणी खाली येते, त्याच बाजूची नाकपुडी बंद होते. डावी बाजू मात्र अशी शांत, की जणू शेजारच्याची आहे. पंधरा मिनिटांपासून तीन तासांपर्यंत हा प्रकार चालतो आणि नळ बंद करावा तसा थांबतो. मला हंगामात दिवसाला एक, कधी दोन. काहींना दिवसात आठपर्यंत येतात.

पहिला झटका 1997 साली, वसुबारसेच्या रात्री एक वाजता. आईला वाटलं, दुकानात गर्दी, कुणाची तरी नजर लागली. तिनं मीठ-मोहरी-मिरच्या ओवाळून निखाऱ्यावर टाकल्या. तुम्हाला ठाऊक आहे, दृष्ट लागलेली असेल तर मिरच्यांचा ठसका येत नाही म्हणतात. इथे सगळ्या वाड्याला ठसका आला आणि माझा डोळा तर आणखीच पेटला. म्हणजे दृष्ट नव्हती हे सिद्ध झालं. निदान म्हणून बघितलं तर त्या वर्षातलं तेवढंच बरोबर निघालं. पुढे कुणी सायनस म्हणालं, थेंब दिले. कुणी दाढ म्हणालं, काढली. ती धडधाकट होती हे नंतर समजलं. अकरा वर्षं अशी गेली.

या अकरा वर्षांत माझा स्वतःचा एक निकाल लागून गेला होता: गुन्हेगार वास. का नाही लागणार? झटके यायचे नवरात्र संपता संपता ते दिवाळीनंतरचे दोन-तीन आठवडे. तोच आमचा धंद्याचा मोसम. नाशिकमध्ये घर रंगवायचं ते दिवाळीच्या आधी. दिवसभर थिनर मोजून द्यायचा, रात्री एकला डोळा धरून बसायचं. सरळ हिशेब वाटला. मग मी वासाशी बारमाही युद्ध पुकारलं. रामकुंडावरची संध्याकाळची आरती सोडली, कापूर नको म्हणून. फूलबाजारातून जायचं टाळलं. कपाटातल्या डांबरगोळ्या फेकल्या. पेट्रोल पंपावर मुलाला गाडी घेऊन पाठवायचो आणि मी लांब उभा राहायचो. चुलतभावाच्या मुलीच्या लग्नात दारात अत्तर लावत होते, गुलाबपाणी शिंपडत होते, तर मागच्या दारानं शिरलो आणि अक्षता पडताच निघालो. ते भाऊ अजून तो विषय काढतात.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते रहाडीचं. बाहेरगावच्या श्रोत्यांसाठी सांगतो. जुन्या नाशकात रंगपंचमीला जमिनीतले दगडी हौद उघडतात, त्या रहाडी. पेशव्यांच्या काळापासूनची पद्धत. फुलं उकळून केलेला रंग त्यात भरतात आणि माणसं वरून उडी घेतात, तिला आम्ही धप्पा म्हणतो. त्या उकळलेल्या रंगाचा वास नाकात बसला की आठवडाभर सुटत नाही. लहानपणापासून मी धप्पा चुकवला नव्हता. या भीतीपायी सहा वर्षं चुकवला, गच्चीवरून बघत बसलो.

2008 मध्ये एका मेंदूविकारतज्ज्ञांनी पाच मिनिटांत नाव सांगितलं. डोळा लाल होतो का, नाक चोंदतं का, ठरल्या वेळी येतो का, आणि झटक्यात बसता की चालता, एवढंच विचारलं. मग म्हणाले, तुम्ही दुकानदार आहात, वही ठेवा. हे मला जमण्यासारखं होतं. लाल कापडाची एक जुनी चोपडी काढली. एका बाजूला कुठला वास, किती वाजता, दुसऱ्या बाजूला झटका, किती वाजता.

तीन वर्षांनी ताळा मांडला, आणि मंडळी, मी चक्रावलो. फाल्गुनात थिनरचा अख्खा डबा पायावर सांडला होता, चपलेला वास आठ दिवस होता. समोरचा रकाना कोरा. वैशाखात लाकडाला पॉलिश करणारे कारागीर दुकानात तासन् तास बसून जात. कोरा. आणि तिसऱ्या वर्षीची दिवाळी आम्ही लेकीकडे कोकणात काढली. रंग नाही, थिनर नाही, समोर नुसता समुद्र. रात्री एक वाजून दहा मिनिटांनी झटका हजर. दुसऱ्या दिवशी पुन्हा. म्हणजे रात्रीचा झटका वासाचा नव्हताच.

तर मग वास निर्दोष का? नाही. चोपडीतच दुसरी गोष्टही होती. हंगाम चालू असताना ज्या दिवशी दुपारी थिनर, अत्तर, सिगरेटचा धूर, फटाक्यांची दारू यातलं काही नाकात गेलं, त्या दिवशी तासाभरात एक झटका जादा. रात्रीचा चुकायचा नाहीच, हा वरचा. दुकानाच्या भाषेत सांगायचं तर घड्याळ हे मुद्दल आणि वास हे व्याज. मी अकरा वर्षं व्याजाशी भांडत होतो, आणि तेही कर्ज नसलेल्या महिन्यांत.

डॉक्टरांना हे नवीन नव्हतं. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग असतो, झोप-जाग आणि ऋतूंचं घड्याळ तो सांभाळतो. 1998 मध्ये लंडनमधल्या संशोधकांनी झटका चालू असताना मेंदूची चित्रं घेतली तेव्हा नेमका तो भाग जागा झालेला दिसला. म्हणून ठरलेला महिना, ठरलेला तास. हंगाम नसताना दारूसारखा पक्का उचकवणारा पदार्थही या लोकांना काही करत नाही, आणि हंगामात एक घोट पुरतो. भाचा गंगापूर धरणाकडच्या एका वायनरीत कामाला आहे. तो दर वर्षी बाटली आणतो, आणि ती कार्तिक सरेपर्यंत माळ्यावर जाते.

आता वासानं नेमकं होतं काय? नाकात दोन वेगळ्या तारा आहेत. एक वास ओळखणारी. दुसरी चेहऱ्याची मोठी नस, ट्रायजेमिनल, हिला सुगंध-दुर्गंध कळत नाही, झोंबणं कळतं. लोणच्यासाठी मोहरी फेसताना जो झटका नाकातून कपाळात जातो ना, तो वास नव्हे, ती ही नस. क्लस्टरचं दुखणं याच नसेच्या वाटेनं येतं. मोहरीतलं द्रव्य या नसेवरचं जे दार ठोठावतं, तेच दार सिगरेटच्या धुरातली काही द्रव्यंही ठोठावतात. कॅलिफोर्नियात लॉरेलच्या कुळातलं एक झाड आहे, तिकडे त्याला डोकेदुखीचं झाडच म्हणतात. पानं चुरगळून हुंगली की डोकं धरतं. 2012 मध्ये इटलीतल्या संशोधकांनी दाखवलं की त्या पानातलं द्रव्यही याच दारावर जातं. हे वाचलं तेव्हा आईची आठवण झाली. निखाऱ्यावरच्या मिरच्यांनीही माझी तीच नस चाळवली होती. तिचं दार शेजारचं, एवढाच काय तो फरक.

मग आता मी काय करतो? हंगामाच्या पहिल्या झटक्याला डॉक्टरांना फोन. ते झटके टाळणारं व्हेरापामिल सुरू करतात, हृदयाचा आलेख काढून, डोस पायरीपायरीनं. हे औषध स्वतःच्या मनानं घ्यायचं नाही. झटका आल्यावर साध्या वेदनाशामक गोळीचा उपयोग नाही, ती पोटात विरघळेपर्यंत खेळ आटोपलेला असतो. सुमाट्रिप्टानचं इंजेक्शन असतं, पण हृदयविकार असलेल्यांना ते चालत नाही. आणि हो, छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायच्या नायट्रेटच्या गोळ्या हंगामात झटका आणू शकतात. दोन्ही दुखणी असतील तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचं सांगा.

माझं मुख्य हत्यार ऑक्सिजन. 2009 मध्ये एक चाचणी छापून आली. मिनिटाला 12 लिटरनं शुद्ध ऑक्सिजन दिला तेव्हा पंधरा मिनिटांत 78 टक्के झटक्यांत दुखणं पुरतं थांबलं किंवा पुरेसं उतरलं, नुसती हवा दिली तेव्हा 20 टक्के. पिशवी लावलेला, दुसरी हवा आत न घेणारा मास्क लागतो. बसून, किंचित पुढे वाकून घ्यायचा. लहान, बी टाइपच्या सिलिंडरमध्ये दीड हजार लिटर मावतो, म्हणजे साधारण दोन तास, म्हणजे सहा झटके. सिलिंडरजवळ समई, उदबत्ती, विडी काही नाही. आमच्याकडे दिवाळीत देवघर आणि सिलिंडर घराच्या दोन टोकांना असतात. 2021 च्या एप्रिलनंतर नाशिककराला ऑक्सिजनचं मोल मी काय सांगणार. त्या महिन्यात माझा सिलिंडर मागच्या गल्लीत गेला होता. माझा हंगाम नव्हता.

वासाचा बंदोबस्त फक्त या सहा-सात आठवड्यांपुरता. दुकानात थिनर सुटा मोजत नाही, सीलबंद डबेच देतो. फार आग्रह झाला तर पोऱ्या मागच्या बोळात जाऊन ओततो. गल्ल्याजवळ पाण्यात मिसळणारे इमल्शन रंग, तेलाचे रंग मागच्या खोलीत. खरं सांगू, दुकान आवरणं सोपं, माणसांना सांगणं अवघड. टॅक्सीत बसलो आणि समोर अत्तराची कापसाची बोंडी दिसली की पूर्वी मी नाक दाबून बसायचो, तो बिचारा ओशाळायचा. आता सरळ सांगतो, "दादा, मला वासानं डोळ्याचा त्रास होतो, काच खाली करू का?" डोळ्याचा म्हटलं की माणसं लगेच ऐकतात. डोकेदुखी म्हटलं की बामाचं नाव सांगतात. बहिणीला भाऊबीजेच्या आधी फोन करतो, "ताई, उटणं आणि उदबत्ती राहू दे, निरांजन चालेल." ती पहिल्या वर्षी रुसली, दुसऱ्या वर्षी विसरली, तिसऱ्या वर्षापासून आपणहून विचारते, "हंगाम लागला का रे?"

दर हजारात साधारण एकाला हे दुखणं आयुष्यात कधीतरी गाठतं. 2011 च्या जनगणनेत आपल्या शहराची वस्ती 14 लाख 86 हजार होती, म्हणजे दीडेक हजार माणसं. त्यातली किती सायनसचे थेंब घालत असतील, दाढा काढून घेत असतील. रात्री एक वाजता घरभर फिरताना मनात नको ते विचार येतात, माझ्याही आले आहेत. अशा वेळी घरातल्या एकाला उठवा. टेली-मानसचा 14416 हा क्रमांक रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

रहाडीत मी 2012 पासून पुन्हा उतरतो. या वयात धप्पा नाही जमत, कडेनं उतरतो, पण उतरतो.

हंगाम संपला हे कसं कळतं, असं परवा एका गिऱ्हाइकानं विचारलं. थिनर हुंगून बघता का, म्हणे. तसलं धाडस मी करत नाही. आमच्या घरात त्याची वेगळी खूण आहे. हिला निशिगंधाची फार आवड. पण दसऱ्यापासून ती अबोली माळते. अबोलीला वास नसतो. मला हे तीन-चार वर्षं लक्षातच आलं नव्हतं, मला वाटायचं, तिला रंग आवडतो. गेल्या मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी ती पूजा आटोपून निशिगंध माळून आली. मी काही बोललो नाही, तीही बोलली नाही. सिलिंडर पलंगाशी ओढून ठेवला आणि आडवा झालो. एक वाजला, दीड वाजला, दोन वाजले. मी घोरत होतो, असं तिनं सकाळी चहा देताना सांगितलं. जागी तीच होती.

नमस्कार.