अंगणातलं संग्रहालय

नमस्कार श्रोतेहो. आज आपण शांतिनिकेतनला जाऊ, विश्वभारती विद्यापीठाच्या कलाभवनात. १९१९ मध्ये सुरू झालेली ही कलाशाळा. तिथं ‘नंदन’ नावाचं संग्रहालय आहे, नंदलाल बसूंसारख्यांची चित्रं तिथं जपली आहेत. पण आत जाण्याआधी जरा अंगणात थांबा.

झाडाखालून एक संथाळ आदिवासी कुटुंब निघालंय. बापाच्या खांद्यावर कावड, कावडीच्या टोपलीत मूल, सोबत बाई आणि कुत्रं. रामकिंकर बैज यांनी १९३८ मध्ये घडवलेलं हे शिल्प. संगमरवर नाही की ब्राँझ नाही, सिमेंट आणि तिथल्याच लाल जांभ्याचे खडे! आपल्या कोकणातल्या माणसाला तो खरबरीत, रापलेला पोत बघताक्षणी ओळखीचा वाटेल. पोटासाठी गाव सोडणाऱ्या माणसांना देवादिकांएवढं मोठं करून त्यांनी उघड्यावर उभं केलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

जवळच ‘कालो बाडी’, म्हणजे काळं घर आहे. मातीचं घर, भिंतींवर मातीतच उठवलेली शिल्पं, आणि वरून डांबर. आपण लाकडी खांबाला वाळवी लागू नये म्हणून डांबर फासतो ना, तसंच. हे मुलांचं वसतिगृह! शिल्पातच राहायचं, तिथंच झोपायचं. पावसानं भिंत खराब झाली तर हात लावावाच लागतो, आणि गुरूंनी घडवलेल्या भिंतीची डागडुजी करताना जे शिकायला मिळतं, ते वर्गात कुठून मिळणार?

पावसाळ्यात वृक्षारोपणाचा सोहळा असतो. १९२८ पासूनची ही रीत. सजवलेल्या पालखीतून रोप येतं, गाणी म्हणत, नाचत. दुसऱ्या दिवशी जवळच्याच श्रीनिकेतनला हलकर्षण, म्हणजे नांगरणीचा उत्सव. आपल्या बेंदूर-पोळ्याच्या जातकुळीतला म्हणा ना. तिथल्या भिंतीवर नंदलालांनी तो रंगवूनही ठेवलाय.

आणि डिसेंबर उजाडला की नंदन मेळा. ३ डिसेंबर हा नंदलालांचा जन्मदिवस, त्याच्या आधीचे दोन दिवस मेळा भरतो. १९७३ पासून, दिनकर कौशिक प्राचार्य होते तेव्हापासून. शिक्षक आणि विद्यार्थी आपापल्या हातच्या वस्तू मांडतात: छापचित्रं, मातीची भांडी, कॅलेंडरं. दर बेताचे. एरवी ज्याला चित्र विकत घेणं परवडत नाही, तोही इथून काहीतरी घरी नेतो. जमलेला पैसा विद्यार्थ्यांच्या अडीनडीला. कुणी आजारी पडलं, कुणाचं घर अडचणीत आलं, तर हाच निधी.

या कलाभवनात आपले चित्रकार विनायक मासोजी शिकले आणि पुढे तिथंच त्यांनी शिकवलंही. मराठी मुलांनी आजही तिकडची वाट धरावी असं मला मनापासून वाटतं. हावड्याहून बोलपूरची गाडी धरा, शांतिनिकेतनचं स्टेशन तेच. डिसेंबरात गेलात तर मेळ्यातून एखादं छापचित्र आणा, आणि परतताना त्या कावडीतल्या पोराकडे पुन्हा एकदा बघून या.