रिकामी जागा आणि तिच्या शेजारचा सुळा

वरच्या पुढच्या दातांपैकी एखादा दात जन्मतःच नाही असं कळलं, की आईवडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘मग तिथे दात कधी बसवायचा?’ आपल्यातले बरेच दंतवैद्यही नकळत तिथूनच सुरुवात करतात. मला आज एवढंच पटवून द्यायचं आहे, की हा प्रश्न फार पुढचा आहे. आधी दात खरोखरच नाही का, शेजारचा सुळा कुठे आहे, चेहरा कसा आहे, वरखालचे दात एकमेकांवर कसे बसतात आणि वाढ किती उरली आहे, हे बघावं लागतं. आणि ते नीट बघितलं, की पुष्कळदा असं ठरतं, की त्या जागेत दात बसवायचाच नाही.

आपण बोलतोय ते मुख्यतः लॅटरलबद्दल. मधल्या दोन मोठ्या पटाशीच्या दातांच्या शेजारचा जो जरा छोटा दात, तो लॅटरल. शंभरात एक-दोन माणसांना तो नसतो. मुलींमध्ये हे प्रमाण थोडं जास्त. बऱ्याचदा दोन्ही बाजूंचे नसतात, आणि एकाच बाजूचा नसेल तर दुसऱ्या बाजूचा अनेकदा खुंटीसारखा निमुळता आणि आखूड असतो. म्हणून एका बाजूची जागा दिसली, की दुसऱ्या बाजूचा दात आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. त्याची रुंदी मोजा, मुळाची लांबी बघा.

मधला मोठा दातच जन्मतः नाही असं कोणी सांगितलं, तर मात्र मी आधी शंका घेतो. तो दात तयारच न होणं फार दुर्मीळ आहे. बहुतेक वेळा तो आत असतो. मधोमध एखादा जादाचा दात वाट अडवून बसलेला असतो, किंवा लहानपणी पडल्यामुळे दुधाच्या दाताला मार बसून त्याच्या आतल्या कायमच्या दाताचं मूळ वाकलेलं असतं. त्यामुळे ‘लहानपणी तोंडावर पडला होता का’ हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. अगदी थोड्या मुलांमध्ये वर एकच मधला दात असतो, तोही नेमका मध्यरेषेवर. असं दिसलं तर तो प्रश्न नुसता दाताचा नसतो. अशा मुलांचं नाक आतून अरुंद असू शकतं, वाढीच्या संप्रेरकाची कमतरता असू शकते. ब्रेसेसचा विचार नंतर, आधी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवा.

आता लॅटरलचं निदान. हा दात साधारण आठ-नऊ वर्षांच्या दरम्यान येतो. त्याच्या माथ्याचं, म्हणजे हिरडीबाहेर दिसणाऱ्या भागाचं, कठीण कवच तयार व्हायला मात्र पहिल्या वाढदिवसाच्या आसपासच सुरुवात होते, त्यामुळे सहा-सात वर्षांच्या मुलाच्या एक्स-रेमध्ये तो स्पष्ट दिसायला हवा. साधा नियम असा: एका बाजूचा दात येऊन सहा महिने झाले आणि दुसऱ्या बाजूला काहीच हालचाल नाही, तर एक्स-रे काढा. ‘येईल हळूहळू, काही मुलांचे उशिरा येतात’ असं सांगून घरी पाठवू नका. दुधाचाच लॅटरल कधी आला नव्हता असं आई सांगत असेल, तर कायमचाही नसण्याची शक्यता बरीच मोठी. ओठ किंवा टाळू जन्मतः दुभंगलेली असेल तर त्या फटीजवळचा लॅटरल अनेकदा नसतो. आणि मोठ्या वयाच्या माणसाला, ‘हा दात कधी काढला होता का’ हेही विचारा. जुन्या गोष्टी लोक विसरतात.

ओपीजीवर, म्हणजे दोन्ही जबड्यांच्या मोठ्या एक्स-रेवर, सगळे दात एका चित्रात दिसतात, म्हणून सुरुवात त्यानेच करायची. पण नेमक्या पुढच्या भागात ओपीजी दगा देतो. यंत्र ज्या पट्ट्यात स्पष्ट चित्र घेतं तो पट्टा पुढे फार अरुंद असतो, आणि मानेच्या मणक्यांची सावली नेमकी तिथेच पडते. मूल थोडं पुढेमागे उभं राहिलं तरी पुढचे दात पुसट होतात. म्हणून ‘दात नाही’ असं लिहिण्याआधी त्या भागाचा छोटा एक्स-रे वेगळा काढायचा. आणि ओपीजी हातात असताना फक्त पुढे बघून तो बाजूला ठेवायचा नाही. खालच्या दुसऱ्या प्रीमोलरच्या, म्हणजे सुळ्यामागच्या दोन लहान दाढांपैकी मागच्या दाढेच्या, कळ्या आहेत का ते मोजा, कारण अक्कलदाढा सोडल्या तर साधारणपणे सर्वांत जास्त वेळा गैरहजर असणाऱ्या दातांत त्या येतात. सहा किंवा जास्त दात नसतील तर केस विरळ आहेत का, नखं कशी आहेत, घाम नीट येतो का, हे विचारा.

मग येतो सुळा. या सगळ्या विषयाचा कणा माझ्या मते तोच आहे. वरचा सुळा फार उंचावर तयार होतो आणि लॅटरलच्या मुळाच्या कडेकडेने खाली उतरतो. ते मूळच नसेल, किंवा दात खुंटीसारखा असून मूळ आखूड असेल, तर सुळ्याचा आधार जातो आणि तो टाळूच्या बाजूला भरकटू शकतो. म्हणून नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या तोंडात तुमचं बोट गेलंच पाहिजे. वरचा ओठ हलकेच उचलायचा, तर्जनी हिरडीच्या वर, दुधाच्या सुळ्याच्या मुळाच्याही वर ठेवायची आणि पुढून मागे सावकाश सरकवायची. गुळगुळीत, टणक फुगवटा लागला, की सुळा गालाच्या बाजूने येतोय. दोन्ही बाजू एकापाठोपाठ चाचपा, कारण दोन्हींमधला फरक बोटाला लगेच कळतो. एका बाजूला फुगवटा आहे आणि दुसरीकडे सपाट लागतंय, तर टाळूकडून चाचपा आणि एक्स-रे काढा. सुळा टाळूकडे वळलेला असेल तर योग्य वयात दुधाचा सुळा काढल्याने तो बरेचदा वाटेवर येतो. तेरा-चौदाव्या वर्षी तेच काम शस्त्रक्रिया करून, साखळी लावून, खेचून करावं लागतं. दोन मिनिटांच्या तपासणीने एवढा फरक पडतो, आणि ती होत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता उपचाराची आखणी. रस्ते मुळात दोन. एक, जागा बंद करायची, म्हणजे सुळा पुढे आणून त्याला लॅटरलचं काम द्यायचं आणि पहिल्या प्रीमोलरला सुळ्याच्या जागी आणायचं. दोन, जागा नीट उघडायची आणि तिथे कृत्रिम दात बसवायचा. कुठला रस्ता घ्यायचा हे रिकामी जागा सांगत नाही. ते बाकीचं तोंड आणि चेहरा सांगतो.

वरचे दात पुढे आलेले आहेत, खालची रांग बऱ्यापैकी सरळ आहे, चेहरा बाजूने पाहिला तर किंचित बहिर्वक्र आहे, अशा मुलाचे वरचे दात तसेही मागे घ्यायचे असतात. मग दोन जागा आधीच मिळालेल्या असताना त्या उघडत बसण्यात काय अर्थ? त्या बंद करा. किंवा दाढा नीट बसतात पण खाली इतकी दाटी आहे, की खालचे प्रीमोलर काढावेच लागणार, तिथेही जागा बंद करणं सोयीचं. उलट, खालचा जबडा पुढे असण्याकडे कल आहे, वरचा ओठ आत गेलेला आहे, दातांमध्ये ठिकठिकाणी फटी आहेत, तिथे वरचे दात आणखी मागे घेतले तर चेहरा चपटा दिसेल. अशा वेळी जागा उघडणंच योग्य.

जागा बंद करायची ठरली तरी सुळ्याला लॅटरल करणं हे एक कलाकुसरीचं काम आहे, आणि बहुतेक वाईट निकाल इथेच होतात. सुळा जास्त रुंद असतो, पुढून फुगीर असतो, टोकदार असतो आणि रंगाने शेजारच्या दातापेक्षा पिवळा असतो. टोक घासून सपाट करायचं, दोन्ही कडा थोड्या कमी करायच्या, फुगवटा जपून उतरवायचा, मागची बाजू खालच्या दातांना अडणार नाही इतपत घासायची आणि कोपरे कंपोझिटने, म्हणजे दाताच्या रंगाच्या भरावाने, भरायचे. रंगासाठी त्या एका दाताचं ब्लीचिंग करता येतं. याहून जास्त दुर्लक्ष होतं ते हिरडीकडे. हसताना मधल्या दाताची आणि सुळ्याची हिरडी एका उंचीवर दिसते, लॅटरलची साधारण अर्धा ते एक मिलिमीटर खाली असते. सुळा होता तसा पुढे आणला तर त्याची हिरडी वर राहते आणि कुठेतरी खटकत राहतं. म्हणून घासत घासत सुळा खाली ओढायचा आणि प्रीमोलर थोडा वर चढवून त्याचा माथा कंपोझिटने किंवा व्हिनियरने (दातावर चिकटवायच्या पातळ पापुद्र्याने) लांब करायचा. प्रीमोलरचं टाळूकडचं टोक चावताना अडलं तर तेही घासायचं. सुळ्याचं मूळ पुढे उठून दिसतं, ते टाळूकडे वळवायचं. हे सगळं तारेवर चालू असतानाच व्हायला हवं. ब्रेसेस काढल्यावर आठवलं तर उशीर झालेला असतो.

सुळा खूपच मोठा, गडद किंवा जाड मुळाचा असेल, तर मात्र हट्ट करू नये. मी अशा वेळी प्लास्टरच्या साच्यावरून दात कापून मेणात मांडून बघतो. आता हेच संगणकावर पण करता येतं. मुलाला आणि पालकांना दोन्ही मांडण्या समोर ठेवून दाखवा. तोंडी वर्णनाने कोणालाच काही कळत नाही.

दुसऱ्या रस्त्यावर मिलिमीटरचा हिशोब आहे. दुसऱ्या बाजूचा लॅटरल चांगल्या आकाराचा असेल तर तेवढी जागा. नसेल तर वरच्या-खालच्या पुढच्या सहा-सहा दातांच्या रुंदीचं प्रमाण काढायचं, जिथे खालची बेरीज वरच्या बेरजेच्या 77.2 टक्के असावी अशी अपेक्षा असते. इम्प्लांट, म्हणजे कृत्रिम दातासाठी हाडात बसवायचा खुंट, 3.5 मिलिमीटरचा धरला आणि दोन्ही बाजूंना शेजारच्या दातापासून दीड-दीड मिलिमीटर हाड सोडलं, तर 6.5 मिलिमीटर लागतात. आणि ही जागा नुसती माथ्यांमध्ये असून चालत नाही. तारेने माथे सहज दूर होतात, मुळं मात्र तिरकी राहून आत एकमेकांकडे झुकलेली असतात. ब्रेसेस काढण्याआधी एक्स-रे काढून मुळं समांतर आहेत ना, हे बघायलाच हवं.

इम्प्लांटबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती घाईची. इम्प्लांट हाडाला चिकटून बसतो. शेजारचे दात वाढीबरोबर हाडासकट खाली येत राहतात, इम्प्लांट होता तिथेच राहतो. तेराव्या-चौदाव्या वर्षी बसवलेला सुंदर दात विशीत शेजाऱ्यांपेक्षा आखूड दिसतो, त्याची हिरडी वर चढलेली दिसते, आणि मग तो दुरुस्त करणं फार अवघड असतं. मुलींमध्ये सतराच्या आधी, मुलांमध्ये वीस-एकविसाच्या आधी विचारच नको. आणि वय हा फक्त अंदाज आहे. एक वर्षाच्या अंतराने चेहऱ्याचे बाजूचे दोन एक्स-रे काढा, एकावर एक ठेवा, चेहऱ्याची उंची वाढलेली नाही हे दिसलं की मगच पुढे जा. लांबट चेहऱ्याच्या मुलांमध्ये ही वाढ जास्त वर्षं रेंगाळते. प्रौढपणीही दात थोडे सरकतच राहतात, हे रुग्णाला आधी सांगायला हवं.

मग अकराव्या वर्षी जागा उघडून आठ-दहा वर्षं काय करायचं? उत्तर असं, की बहुतेक वेळा उघडूच नये. सुळा पुढे सरकून मधल्या दाताच्या शेजारी उगवत असेल तर उगवू द्या. नंतर तो मागे नेला, की त्याच्या मागे राहिलेलं हाड रुंद असतं, आणि इम्प्लांटला तेच लागतं. लवकर उघडून रिकामी ठेवलेली जागा मात्र हळूहळू अरुंद होत जाते.

मधल्या काळासाठी, आणि अनेकांसाठी कायमचाही, एका बाजूला पंख असलेला, म्हणजे शेजारच्या एकाच दाताला मागून पातळ पट्टीने चिकटवलेला कृत्रिम दात (ब्रिज), हा चांगला उपाय आहे. शेजारचे दात जवळपास घासावे लागत नाहीत. दोन्ही बाजूंना पंख ठेवले, तर दोन दात वेगवेगळ्या दिशेने हलतात, एक पंख सुटतो, दुसऱ्याच्या जोरावर ब्रिज जागेवरच राहतो आणि सुटलेल्या पंखाखाली दात किडत जातो. एकच पंख सुटला तर ब्रिज हातात येतो आणि लगेच कळतं. काही ठिकाणी, इतर कारणाने काढायचा असलेला प्रीमोलर मूळ पूर्ण होण्याआधी उचलून पुढे लावतात. जमलं तर तो दात वाढीबरोबर खाली येतो. पण ते काम सराव असलेल्या हातांचं आहे.

दोन्ही रस्त्यांत माझा कल कुठे, हे लपवण्याचं कारण नाही. जिथे दोन्ही शक्य आहेत तिथे मी जागा बंद करण्याकडे झुकतो. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश पाहणीत जागा बंद केलेले रुग्ण निकालावर जास्त समाधानी होते, कृत्रिम दात असलेल्यांच्या हिरड्यांवर कीटण आणि सूज जास्त होती, आणि जबड्याच्या सांध्याच्या कामात फरक नव्हता. ‘सुळा सुळ्याच्याच जागी हवा, नाहीतर चावा बिघडतो’ ही भीती मला त्यामुळे फारशी पटत नाही. शिवाय पंधराव्या वर्षी हे काम संपतं आणि तोंडात स्वतःचेच दात असतात.

एकाच बाजूचा लॅटरल नसेल तर गणित बिघडतं. एकच जागा बंद केली तर मध्यरेषा त्या बाजूला ओढली जाते. दुसऱ्या बाजूचा खुंटी दात मुळाने भक्कम असेल तर तो कंपोझिटने मोठा करा आणि जागा उघडा. मूळ आखूड असेल आणि वरचे दात पुढे असतील तर तो काढून दोन्ही बाजू सारख्या करण्याचा विचार जरूर करा. पालकांना ‘एक नाही, वर आणखी एक काढायचा?’ असं वाटणारच. मेणाची मांडणी इथे उपयोगी पडते.

शेवटचा मुद्दा घरातल्या बाकीच्यांचा. दात न येणं अनेकदा घराण्यातून चालत येतं. एमएसएक्सवन, पॅक्सनाइन, एक्सिनटू, डब्ल्यूएनटीटेनए अशा जनुकांशी त्याचा संबंध सापडला आहे. एक्सिनटूमधल्या बिघाडाने 2004 साली फिनलंडमधल्या एका कुटुंबात बरेच दात नसणं आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग असं दोन्ही आढळलं होतं. एक-दोन लॅटरल नसण्यावरून असा काही निष्कर्ष काढू नका, पालकांना उगाच घाबरवू नका. पण बरेच दात नसतील तर कुटुंबातल्या आजारांची चौकशी करा. आणि समोरच्या मुलाला धाकटं भावंड असेल, तर त्याचं वय विचारा. ते आठ-नऊ वर्षांचं असेल तर त्यालाही पुढच्या वेळी बरोबर आणायला सांगा.