गर्डरला भोक कुठं पाडायचं?

(कुपवाड एमआयडीसी. फॅब्रिकेशनची शेड. पेटलेला गॅस कटर.)

हळदीच्या गोदामात माळा घालायचाय. त्यासाठी आणलेला ३०० चा (३०० मिलिमीटर उंचीचा) आय गर्डर घोडीवर आडवा पडलाय. लांबी ६ मीटर. टोकापासून हातभर आत, वेबच्या, म्हणजे वर-खालच्या आडव्या फ्लँजना जोडणाऱ्या उभ्या पात्याच्या, ऐन मध्यावर खडूनं वाटोळं काढलंय, १५० मिलिमीटरचं. पावसाच्या पाण्याचा पाइप इथून जाणार.

"मिस्त्री, थांबा जरा." साइट इंजिनिअर हातातली जाड वही वाकवून दाखवते. दोन्ही कडांना पानं एकमेकांवरून सरकतात. मधोमध मात्र जागची हलत नाहीत.

लोखंडाची पानं सुटी नसतात. ती सरकायला बघतात, पण सरकता येत नाही. ही ओढाताण म्हणजे शिअर. रशियन इंजिनिअर झुराव्स्कीला ती रेल्वेच्या लाकडी पुलांत भेटली. लाकूड रेषांच्या दिशेनंच चिरतं. त्यानं १८५५ च्या सुमारास मांडलेला हिशोब अजून चालतो.

माळ्याचा भार सारखा पसरलेला, एकूण १२ टन धरू. म्हणजे प्रत्येक टोकाला ६ टन, साधारण ६० किलोन्यूटन. वरची फ्लँज १४० मिलिमीटर रुंद. तिच्या खालच्या कडेला शिअरचा ताण जेमतेम सव्वा न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. तिथंच ७.५ मिलिमीटरचं वेब सुरू होतं आणि आकडा थेट २३ वर उडी मारतो. वेबच्या मध्यावर ३०. रोजच्या कामात एवढं कोण करत बसतंय? टेकूवरचा भार भागिले (गर्डरची उंची गुणिले वेबची जाडी): २७. बास. आयएस ८०० या पोलादी बांधकामाच्या भारतीय मानकाच्या जुन्या पद्धतीत साध्या पोलादाला १०० पर्यंत मुभा होती.

"मग बिघडलं कुठं, मॅडम?"

प्रश्न रास्त आहे. निम्मी उंची कापली तरी सरासरी ५३ च येते. पण भोकाच्या वर-खाली उरलेल्या दोन पट्ट्यांना तो शिअर पलीकडे पोचवताना स्वतः वाकावं लागतं, आणि ते वाकणं या भागाकारात कुठंच दिसत नाही. गर्डरच्या मधोमध शिअर जवळपास शून्य असतो. वाकण्याचा ताण तिथं सगळ्यात जास्त, पण तो वर-खाली फ्लँजवर. वेबच्या मध्याला त्याची झळ नाही. भोक तिथं चालतं.

मिस्त्री तळव्यानं खडू पुसतात. टेप ओढून ३ मीटरवर नवी खूण करतात.

"दोन बेंड जादा लागतील पायपाला. ते कुणाच्या बिलात धरू?"