आम्ही, आपण आणि बारका ‘रि’

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘मिश्र वारसा आणि छंदातून ऐनू भाषा’. ऐनू म्हणजे जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरचे आणि आसपासचे मूळ रहिवासी. वारशाकडे येतोच. आधी एका अक्षराचं भांडण मिटवून टाकू, नाहीतर ते मला पुढे जाऊ देणार नाही.

‘गोल्डन कामुय’ ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथांची मालिका 2014 ते 2022 चालली, 31 खंड झाले. तिच्यातल्या ऐनू भाषेवर भाषातज्ज्ञ नाकागावा हिरोशी यांची देखरेख होती. नायिकेचं नाव अशिर्पा. आता इथे बसलेल्यांपैकी किती जण ‘अशिरिपा’ म्हणतात? हात वर करू नका, चेहरे दिसतायत. दोष तुमचा नाही, काताकाना लिपीचा आहे. त्या लिपीला आपल्यासारखा पाय मोडता येत नाही, एक ‘न्’ सोडला तर प्रत्येक अक्षरात स्वर ठाण मांडून बसलेला. म्हणून ऐनूतला सुटा ‘र्’ लिहायला बारक्या मापाचा ‘रि’ वापरतात. आधीचा स्वर ‘इ’ असेल तर बारका ‘रि’, ‘अ’ असेल तर बारका ‘र’. अशी 16 बारकी अक्षरं 2002 साली युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसूचीत, आली. टंकताना मोठा ‘रि’ पडला की अ-शिर्-पा या तीन उच्चार-तुकड्यांच्या नावाचे चार तुकडे होतात.

स्टिकर, बॅज, कॉस्प्लेच्या (पात्रांच्या वेशातल्या चाहत्यांच्या) पाट्या छापणाऱ्यांनी इथे कान टवकारा. सगळ्यात जास्त फजिती होते ती शेवटच्या ‘प्’ची. ‘चितातप्’ घ्या. चि म्हणजे आम्ही, ताता म्हणजे ठेचणं-चिरणं, प् म्हणजे वस्तू. ‘आम्ही ठेचतो ते’. मांस किंवा मासा सुरीने बारीक ठेचून केलेला पदार्थ. यातला ‘प्’ युनिकोडमध्ये दोन तुकड्यांत असतो, एक बारका ‘फु’ आणि वर चढवायचं एक वर्तुळ. फाँट कच्चा असला की वर्तुळ शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतं किंवा नुसती रिकामी चौकट उमटते. तेव्हा आधी एकच प्रत छापा, ज्या मापाचा बॅज त्याच मापात. पडद्यावर मोठं करून बघितलेलं काही कामाचं नाही. अडीच सेंटिमीटरच्या बॅजवर बारकं अक्षर आणि मोठं अक्षर ओळखू येत नसेल तर रोमन लिपी वापरा. देवनागरीत तर प्रश्नच नाही, पाय मोडला की झालं. (हा टाळ्यांचा भाग नव्हता, पण चालेल.)

‘हिन्ना’ म्हणजे ‘चविष्ट’ असं छापू नका. ते अन्नाबद्दल आभार मानणं आहे. चवीला ‘केरा आन्’ म्हणतात, शब्दशः ‘चव आहे’.

आता माझा लाडका मुद्दा. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा फरक जपानीत नाही, इंग्रजीत नाही. मराठीत आहे आणि ऐनूत आहे. ‘इपे आस्’ म्हणजे आम्ही जेवतो, तुम्ही बघत बसा. ‘इपे आन्’ म्हणजे आपण जेवतो. ‘इपे आन् रो’ म्हणजे चला, जेवू या. सकर्मक क्रियापद असलं तर आस्-आन् ऐवजी क्रियापदाच्या आधी ‘चि’ आणि ‘आ’ लागतात. एवढ्यावर थांबत नाही. आपल्याकडे ‘आपण कोण?’ असं आदरानं विचारतात. ऐनूतही समोरच्याला मान द्यायला हेच रूप. ‘तो म्हणाला, आपण येणार नाही’ यातला ‘आपण’ म्हणजे बोलणारा स्वतः. ऐनूतही दुसऱ्याचं बोलणं सांगताना त्याच्या ‘मी’साठी हेच रूप. ‘आपण रस्त्यानं जात असतो आणि...’ हा कोणीही असू शकणारा ‘आपण’, तोही तिथे आहे. चारही! दोन भाषांचा कुठलाही संबंध नसताना. जपानी वाचकाला हे पानभर टीप देऊन समजवावं लागतं, तुम्हाला दोन मिनिटं लागली.

आणि चूक नेमकी इथेच होते. ‘युकार’ ही वीरगाथा नायकाच्या तोंडून सांगितलेली असते, म्हणून होक्काइदोतल्या सारु खोऱ्याच्या बोलीत तिथला ‘मी’ आ-आन् रूपात येतो. फॅनकथा, म्हणजे मांगातली पात्रं घेऊन स्वतःच्या कथा, लिहिणारे चाहते ती ओळ उचलतात आणि पात्राच्या साध्या बोलण्यात घालतात. झालं, ‘मी जातो’चं ‘आपण जातो’ झालं. रोजच्या बोलण्यातला ‘मी’ म्हणजे ‘कु’, स्वरापुढे नुसता ‘क्’. ‘क्’ अधिक ‘आर्पा’, कार्पा, मी जातो. अनेकवचनात क्रियापदच बदलतं, ‘पाये आन्’, आपण जातो.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं म्हणतायत. बरं.

मिश्र वारसा. होक्काइदोच्या 2017 च्या पाहणीत 13,118 ऐनू मोजले गेले, पण त्या व्याख्येत रक्ताबरोबर लग्न आणि दत्तकही आहे. कारण ऐनू घरांनी जपानी वसाहतकऱ्यांची टाकलेली मुलंही वाढवली. रक्ताची टक्केवारी विचारणं म्हणूनच फोल. शिवाय भेदभावामुळे कित्येकांनी आपलं ऐनूपण सांगितलंच नाही, ते मोजणीत कुठून येणार? तेव्हा पाटीमागे उभ्या असलेल्या मुलीला ‘तू खरी ऐनू का?’ विचारू नका, ‘हा शब्द कुठल्या बोलीतला?’ विचारा.

बोली लिहिणं सक्तीचं समजा. साप्पोरोच्या एसटीव्ही रेडिओवरच्या ऐनू वर्गाची पुस्तकं आणि ध्वनिमुद्रणं ऐनू संस्कृती प्रतिष्ठानाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. शब्द तिथे ऐका, बोलीचं नाव टिपा, मगच छापा. होक्काइदोची आणि काराफुतोची, म्हणजे साखालिनची, बोली एका पाटीवर कालवू नका.

ज्यांनी मांगा पुरती वाचली नाही त्यांनी क्षणभर कानात बोटं घाला. अशिर्पाच्या वडिलांची आई काराफुतोची ऐनू, वडिलांचे वडील पोलिश; अशिर्पाची आई होक्काइदोची. काराफुतोच्या बोलीत शेवटचा ‘प्’ सैल होऊन ‘ह्’ होतो. म्हणजे फॅनकथेत मुलीनं मासा ‘चेप्’ म्हणून आणला, तर तिच्या आजीच्या तोंडी तो ‘चेह्’ लिहायचा.

हो, हो, उठतो.