सातू: आधी म्हशीला, मग घराला

हे जे हिरवंगार दिसतंय ना, तो गहू नाहीये. लांबून आम्हीपण फसलो. पान जिथं दांड्याला धरतं तिथं नीट बघा, दोन पांढरट कान दांड्याला वेढा घालून एकमेकांवर आलेत, गव्हाचे एवढे मोठे नसतात. हा सातू.

आपल्याकडे सातू म्हटलं की उन्हाळ्यात गूळ-दुधात कालवलेलं पीठ, आणि खरं सांगायचं तर त्यातही बऱ्याच घरी गहू नि डाळवंच जास्त. इथं राजस्थानात, जयपूर-सीकरच्या पट्ट्यात याला जौ म्हणतात. विहिरी खोल गेल्यात, कुठे पाणी खारट, बरसीमसारखा हिरवा चारा लावावा तर त्याला सारखं पाणी पाहिजे, जौ मात्र दोन-तीन पाण्यात निघतो आणि खारंही बऱ्यापैकी सोसतो. शिवाय पटकन उगवून जमीन झाकतो, म्हणून चाकवतासारखं तण फार डोकं वर काढत नाही, आणि ही रेताड माती वाऱ्याबरोबर उडत नाही.

आता खरी गंमत. ऑक्टोबरअखेर पेरलेला जौ ५० ते ५५ दिवसांनी, म्हणजे डिसेंबरात, विळ्याने कापायचा. जमिनीपासून चार बोटं सोडून, अगदी बुडखा खरवडायचा नाही. चारा कुट्टी मशीनमधून थेट गव्हाणीत, रानाला लगेच पाणी आणि युरिया, की परत फुटवे येतात आणि मार्चअखेरीस त्याच रानातून दाणे.

पण आठवडाभर उशीर झाला तर? हा दांडा ब्लेडने उभा चिरलाय, आत बघा, तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी दिसतंय, तेच उद्याचं कणीस. आत्ता ते विळ्याच्या खाली आहे म्हणून वाचतं, दांडा वाढला की तेही वर सरकतं, मग विळा मारलात की कणीसच म्हशीच्या पोटात. त्यामुळे इथं कॅलेंडरपेक्षा दांडा चिरून बघणं बरं, असं आमचं मत झालंय.

यासाठी जयपूरच्या दुर्गापुरा संशोधन केंद्राचे वाण आहेत, आरडी २०३५ आणि आरडी २७१५, कापल्यावर जोमात फुटणारे. तरी न कापलेल्या रानापेक्षा दाणा थोडा कमीच भरतो, ते कुणी लपवत नाही. पण ऐन थंडीत हिरवी वैरण विकत घ्यावी लागत नाही, आणि मळणीनंतर भुसाही उरतो, फक्त कुसळं टोचतात, तेवढी झटकून घालायची.