४८ पट डेसिमेशन: एकाच फिल्टरात की दोन टप्प्यांत?

नमस्कार मंडळी! आज बडोद्यातलंच उदाहरण घेऊ. मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या मोटरवर कंपनाचा सेन्सर बसवलाय असं धरा. एडीसी, म्हणजे सिग्नलचे आकडे करणारी चिप, ऑडिओचा, ४८ किलोहर्ट्झचा (सेकंदाला ४८ हजार सॅम्पल). आपल्याला हवं फक्त ४०० हर्ट्झपर्यंतचं, म्हणजे १ किलोहर्ट्झ सॅम्पलिंग पुरे. सॅम्पलिंग रेट असा ४८ पट खाली आणणं हेच डेसिमेशन. त्याआधी वरच्या फ्रिक्वेन्सी फिल्टरने कापाव्या लागतात, नाहीतर त्या दुमडून खालच्या फ्रिक्वेन्सींत मिसळतात.

(पडद्यावर वही, आकडेमोड पेनाने)

टॅप, म्हणजे फिल्टरचे गुणांक (दर आउटपुट सॅम्पलला टॅपमागे एक गुणाकार), किती लागतील? अंदाजाचं सूत्र लिहून घ्या: स्टॉपबँडमध्ये, म्हणजे कापायच्या पट्ट्यात, किती डेसिबल कापायचे ते भागिले २२, गुणिले सॅम्पलिंग रेट भागिले ट्रान्झिशनची रुंदी. ६६ डेसिबल हवेत, म्हणजे ३. पासबँड, म्हणजे जाऊ द्यायचा पट्टा, ४०० ला संपतो, स्टॉपबँड ५०० ला सुरू होतो, मधे १०० हर्ट्झ, हीच ट्रान्झिशन. ३ गुणिले ४८०, झाले १,४४० टॅप. पॉलिफेज करून फक्त ठेवायचेच सॅम्पल काढले तरी सेकंदाला १४.४ लाख गुणाकार.

आता ४८ चे १२ गुणिले ४ असे दोन टप्पे करू. पहिला टप्पा ४८ वरून ४ किलोहर्ट्झवर. चूक होते ती इथेच: स्टॉपबँड नव्या नायक्विस्टला (नव्या सॅम्पलिंग रेटच्या निम्म्याला), २,००० हर्ट्झला लावतात आणि ९० टॅप होतात. अहो, गरजच नाही! २,००० ते ३,५०० मधलं जे दुमडून खाली येतं ते ५०० च्या वरच पडतं, आणि ते दुसरा फिल्टर कापणारच आहे. म्हणून स्टॉपबँड ३,५०० ला लावा, ४७ टॅपमध्ये भागतं. दुसऱ्या टप्प्याला १२०. एकूण ३.०८ लाख गुणाकार.

क्रम उलटा, आधी ४ मग १२, केला तर ५.१६ लाख. तेव्हा मोठा भाग आधी. ८, ३, २ असे तीन टप्पे केले तर २.६८ लाख, एवढ्याशा बचतीसाठी आणखी एक बफर सांभाळणं मला पटत नाही. आणि २ किंवा ३ नेच खाली यायचं असेल तर सरळ एकच फिल्टर लावा.

विलंब मात्र कमी होत नाही हं. एका फिल्टरात १५ मिलिसेकंद, दोन टप्प्यांत १५.४. अरुंद ट्रान्झिशन तेच आहे ना! विलंब कमी हवा असेल तर तेच रुंद करावं लागेल. शिवाय टप्प्यांचे रिपल (पासबँडमधले छोटे चढउतार) एकमेकांत मिळतात, म्हणून ०.१ डेसिबलची मुभा असेल तर प्रत्येकाला ०.०५ द्या.

तपासायचं कसं? ३,७०० हर्ट्झची १ व्होल्टची साइन वेव्ह आत सोडा आणि आउटपुटला ३०० हर्ट्झवर बघा. अर्ध्या मिलिव्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर पहिल्या फिल्टरचे टॅप दोन-दोनने वाढवत न्या.