हळदणकरांचा दिवा आणि आपला कागद

मंडळी, नक्कल म्हटलं की आपल्याकडे नाक मुरडायची पद्धत आहे. स्वतःचं काही सुचत नाही म्हणून दुसऱ्याचं गिरवतोय, असं लोक म्हणतात. पण रूबेन्स १६२८ साली माद्रिदला गेला तेव्हा पन्नाशी ओलांडलेला, युरोपभर नाव झालेला चित्रकार होता. तरीही तो स्पेनच्या राजाच्या संग्रहातल्या, आधीच्या पिढीतल्या इटालियन उस्ताद तिशनच्या चित्रांच्या नकला करत बसला. त्यातली 'आदम आणि ईव्ह' आज प्रादो संग्रहालयात आहे, तिशनचं मूळ चित्रही तिथंच आहे. रूबेन्सनं आदमची ढब बदलली आणि झाडावर स्वतःच्या मनानं एक पोपट बसवून दिला. उस्तादाला मानायचं, पण मुकाट्यानं नव्हे!

मला आज बोलायचंय ते मात्र आपल्या बेळगावच्या शेजारच्या चित्रकाराबद्दल. सावळाराम हळदणकर सावंतवाडीचे, म्हणजे आंबोलीचा घाट उतरलं की त्यांचं गाव. त्यांचं 'ग्लो ऑफ होप' हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. दिवा घेतलेली, दुसऱ्या हातानं ज्योत झाकणारी ती बाई आपल्या कितीतरी घरांत दिवाणखान्यात फ्रेम करून लावलेली असते, आणि घरातले पाहुण्यांना खुशाल सांगतात, "रविवर्म्याचं आहे." रविवर्मा १९०६ साली गेले, हे चित्र चाळीसच्या दशकातलं. त्यासाठी हळदणकरांनी आपल्या मुलीलाच उभं केलं होतं. त्या गीताताई उपळेकर कोल्हापुरात शंभरी ओलांडून २०१८ साली गेल्या.

आता मुद्द्याचं. या चित्राची नक्कल करा, पण जलरंगात. मूळ चित्र जलरंगातलं आहे, आणि आपल्याकडे त्याच्या नकला होतात तैलरंगात. का, ते उघड आहे. तैलरंगात आधी सगळा अंधार करून घ्यायचा आणि शेवटी पिवळा-पांढरा लावून दिवा 'पेटवायचा'. चुकलं तर खरवडा, पुन्हा लावा. जलरंगात पांढरा म्हणजे कागद. शिकवणीतली मुलं विचारतात, "सर, उजेड कधी रंगवायचा?" उजेड रंगवायचाच नाही, बाबांनो, तो राखायचा! पहिल्या हातापासून ती जागा सांभाळायची आणि बाकी सगळं तिच्याभोवती काळोखात न्यायचं. म्हणजे तैलरंगात नक्कल करणारा हळदणकरांच्या नेमका उलट दिशेनं चालतो. चित्र सारखं दिसेल, पण त्यांनी कुठं काय ठरवलं ते त्याला कळणार नाही.

बोटांकडे नीट बघा. ज्योत हाताआड आहे, म्हणून बोटांच्या कडा आतून लालसर झाल्यात. तिथं फिकट, उबदार थर आधी दिलेला हवा. वरचा थर चढवताना ब्रश जरा जादा ओला झाला की खालचा रंग उठतो आणि बोटांचा चिखल होतो. मागचा अंधारही नुसता काळा फासून येत नाही. थरावर थर द्यावे लागतात आणि प्रत्येक थर पुरता वाळेपर्यंत हात बांधून बसावं लागतं. आपल्या बेळगावच्या जुलैत तर विचारूच नका. सकाळचा थर दुपारीही गारच लागतो, आणि घाई केली की कडेला फुलकोबीसारखा डाग पडतो. हेअर ड्रायर आणणारे हुशार विद्यार्थी असतात. मी हरकत घेत नाही, पण त्या बसून राहण्यातच निम्मं शिकणं आहे, असं माझं मत आहे.

नक्कल मूळ आकाराची करू नका. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात नक्कल करणाऱ्यांना किमान एक पंचमांश लहान-मोठं करावं लागतं आणि मूळ सही उतरवता येत नाही. खाली 'हळदणकरांवरून' असं लिहा आणि आपलं नाव घाला. विकायच्या भानगडीत तर पडूच नका. हळदणकर १९६८ साली गेले, आपल्या कायद्यानं त्यापुढं साठ वर्षं, म्हणजे २०२८ संपेपर्यंत कॉपीराइट चालतो.

आणि ही नक्कल झाली की लगेच दुसरा कागद ताणा. लाइट गेल्यावर मोबाइलची बॅटरी लावून जिना चढणारी घरातली कुणीतरी बाई काढा. तो उजेड पांढरा, थंड, खालून येणारा. हनुवटी उजळते, डोळे खोबणीत जातात. हळदणकरांचा पिवळा तिथं उपयोगाचा नाही. पण बॅटरीवर तळहात धरला तर बोटं लालच दिसतात, तेवढं मात्र तुम्हाला आता येत असेल.